फाट्यापासून पाच मिनिटं

आमच्या मार्गासनीच्या फाट्यावर बारा महिने तेरा काळ एकच प्रश्न विचारला जातो. नसरापूरकडून वेल्ह्याला जाणारी एसटी थांबते. पाठीवर स्वतःपेक्षा मोठी सॅक घेतलेला एखादा पुण्याचा पोरगा उतरतो, चारी बाजूंना बघतो आणि टपरीवर बसलेल्या पहिल्या माणसाला विचारतो, "काका, राजगड किती लांब?" टपरीवर कोणीही बसलेलं असो, उत्तर ठरलेलं असतं : "हे काय, आलंच की!"

या 'आलंच की'मध्ये काय काय बसतं, ते त्या पोराला पुढे कळत जातं. आधी साखर, मग गुंजवणे, मग चोरदरवाजाची ती उभी चढण. पद्मावती माचीवर टेकेपर्यंत मार्गासनीच्या समस्त रहिवाशांचा, त्यांच्या पूर्वजांसह, त्याने मनातल्या मनात उद्धार केलेला असतो. पण आम्ही खोटं बोलत नाही. अंतर सांगणं हे आमच्याकडे मोजमापाचं काम नाही, धीर देण्याचं आहे. सुई टोचून घेणाऱ्याला जसं 'झालंच' म्हणायचं, तसं चालणाऱ्याला 'आलंच' म्हणायचं.

मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. अक्षांश, रेखांश, किलोमीटर पोरांकडून घोकून घेतले. पण फाट्यावर कोणी अंतर विचारलं की माझ्याही तोंडून 'हे काय'च निघायचं. म्हणूनच गेल्या दिवाळीत हिंजवडीला नोकरी करणाऱ्या चिरंजीवांनी जाहीर केलं की, "अण्णा, मार्चअखेरीला आपण सगळे टोकियोला जाऊ. फक्त हॉटेल मोक्याच्या जागी मिळायला पाहिजे," तेव्हा मी सरसावून बसलो. मोक्याची जागा कशी असते, हे मार्गासनीच्या माणसाला कोणी शिकवायचं? गावाच्या नावातच मार्ग आहे आणि आसन आहे. रस्त्यालगत बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर लक्ष ठेवणं हा आमचा पिढीजात अभ्यास आहे. (या व्युत्पत्तीला शास्त्राधार काही नाही. शाळातपासणीला साहेब आले की मी ती सांगायचो, आणि चहा येईपर्यंत कोणी हरकत घेतली नाही.)

पहिला गोंधळ शब्दाचाच झाला. 'हॉटेल शोधतोय' हे ऐकून आई माजघरातून म्हणाली, "हॉटेल कशाला रं? भाकऱ्या बांधून देते की." तिचंही बरोबर होतं. आमच्या भागात हॉटेल म्हणजे जिथे भजी तळतात, मिसळ मिळते आणि चहाच्या ग्लासाखाली कालचा पेपर असतो ते. तिथे कोणी झोपत नाही. झोपलं तर मालक उठवतो. झोपायच्या जागेला लॉज म्हणतात आणि तो शब्द वडीलधाऱ्यांपुढे जरा खालच्या आवाजात उच्चारतात. एका रात्रीचे दहा हजार रुपये ऐकल्यावर आईने एवढंच विचारलं, "जेवण धरून का?" "नाही" म्हटल्यावर तिने विषय बंद केला आणि आम्हाला वेड्यांच्या यादीत टाकलं.

संध्याकाळी ओसरीवर लॅपटॉप उघडला गेला. तेवढ्यात शेजारचे तात्या आले. तात्या एसटीत कंडक्टर होते. उभी हयात याच रस्त्यावर घंटी वाजवण्यात गेली. जपान त्यांनी पाहिलेलं नाही. पण गाडी, थांबा आणि मुक्काम या तीन विषयांत त्यांना न विचारता निर्णय घेणं म्हणजे पंचांग न बघता लग्न लावणं.

चिरंजीवांनी पहिलं हॉटेल दाखवलं, शिंजुकूचं. "तात्या, स्टेशनपासून फक्त तीन मिनिटं!"

तात्यांनी चष्मा वर सारला आणि विचारलं, "तीन मिनिटं कुणाची?"

आता हा प्रश्न हिंजवडीत विचारत नसतील, पण मला तो थेट काळजात लागला. कारण तरुणपणी एका कामासाठी मुंबईला गेलो होतो, तेव्हा खिशात एका लॉजचं कार्ड होतं : दादर स्टेशनपासून दोन मिनिटे. दादरला उतरलो, ट्रंक खांद्यावर मारली आणि लोंढ्याबरोबर वाहत पश्चिमेला गेलो. लॉज पूर्वेला. परत पूल, परत लोंढा. दोन मिनिटं खरीच होती, पण ती लॉजच्या मालकाची होती, बिनट्रंकेची. त्यात मावसभावाने निरोप दिला होता, "एक नंबर फलाटावर थांब, घ्यायला येतो." त्या काळी दादरला एक नंबरचे फलाट दोन होते, एक पश्चिम रेल्वेचा आणि एक मध्य रेल्वेचा. आम्ही दोघं तासभर आपापल्या एक नंबरवर इमानेइतबारे उभे राहिलो आणि पुढची दोन वर्षं एकमेकांशी बोललो नाही. रेल्वेने ही भानगड डिसेंबर २०२३ मध्ये मिटवली. आता दादरला १ ते १४ असे सरळ आकडे आहेत. आमचं मात्र त्याआधीच मिटलं होतं.

तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना सूनबाईंनी एक भन्नाट गोष्ट वाचून काढली. जपानमध्ये घर विकायची किंवा भाड्याने द्यायची जाहिरात करताना 'स्टेशनपासून इतकी मिनिटं' असं मनाला येईल ते छापता येत नाही. एक मिनिट म्हणजे ८० मीटर, असा नियमच आहे. वर थोडं अंतर उरलं तर ते पुढचं पूर्ण मिनिट धरायचं. मात्र चढ, जिने आणि सिग्नलला थांबणं यात धरलेलं नाही.

तात्या किती तरी वेळ गप्प होते. मिनिटाची लांबी मीटरमध्ये ठरवून टाकणारा देश आहे, हे पचायला वेळ लागतोच. मग म्हणाले, "चढ धरत न्हाईत व्हय? मंग राजगड बी त्यांच्या हिशेबानं जवळच म्हनायचा."

शिंजुकूत मात्र ८० मीटरचा नियमही हात टेकतो. तिथे पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात. स्टेशनाला बाहेर पडायच्या वाटा दोनशेच्या वर. कोविडच्या आधी त्या एका स्टेशनातून रोज पस्तीस लाखांहून जास्त प्रवासी जायचे. २०११च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या एकतीस लाख होती. म्हणजे अख्खं पुणं एका दिवसात पार होऊन वर चारेक लाख माणसं फलाटावर उरतात. आमचा वेल्हे तालुका, आता त्याचं नाव राजगड झालं, तो सगळा मिळून त्याच जनगणनेत पंचावन्न हजारांच्या आत. म्हणजे आम्ही सगळे एकदम शिंजुकूला उतरलो, तरी कोणाच्या लक्षातही यायचं नाही. हॉटेल स्टेशनपासून तीन मिनिटांवर असेल. पण दोनशेपैकी बरोबरच्या वाटेने बाहेर पडलात तर. चुकीच्या वाटेने पडलात की तुम्ही, सामान आणि संसार दुसऱ्याच मुलुखात. आमच्या फाट्याला वाटा तीनच : नसरापूर, वेल्हे, साखर. तरी निम्मे लोक वेल्ह्याच्या गाडीची वाट नसरापूरच्या बाजूला उभे राहून बघतात.

"मग उत्तम जागा म्हणजे शेवटी काय?" मी भूगोलाच्या तासाला विचारावं तसं विचारलं.

चिरंजीव म्हणाले, "जिथे पोहोचायला सोपं, ती."

मला हसू आलं. कारण आमच्या उशाशीच याच्या बरोबर उलट नियमाचं उदाहरण उभं आहे. महाराजांनी राजधानीसाठी राजगड निवडला तो पोहोचायला सोपा म्हणून नव्हे. तीन माच्या, वर बालेकिल्ला आणि त्याची चढण अशी की नुसत्या हाताने येणाऱ्याचीही दमछाक व्हावी. जागा जितकी गैरसोयीची तितकी मोक्याची, असा तो हिशेब. आणि त्यावर स्वराज्याचा कारभार वीस-पंचवीस वर्षं चालला. हॉटेलांच्या संकेतस्थळावर राजगड टाकला तर 'लोकेशन'ला दहापैकी दीड गुण मिळतील आणि खाली कोणीतरी लिहील, 'लिफ्ट नाही.' युनेस्कोने मात्र जुलै २०२५ मध्ये बारा किल्ल्यांच्या यादीत तो जागतिक वारसा म्हणून घेतला. म्हणजे गुण कोण देतं, यावर बरंच अवलंबून आहे.

पण आम्हाला टोकियोवर स्वारी करायची नव्हती, झोपायचं होतं. तेव्हा तात्यांनी सूत्र सांगितलं. "गुरुजी, अंतर बघू नगा. बदली बघा."

कंडक्टरच्या तोंडून आलेलं हे वाक्य मला शिलालेखावर कोरावंसं वाटतं. मार्गासनीच्या माणसाला विचारा, भोर जवळ की पुणं? नकाशावर भोर जवळ. पण भोरला जायचं तर नसरापूरला उतरा, चेलाडीला हायवेवर या, पुढची गाडी बघा, कापूरहोळला वळा. त्यात एक गाडी चुकली की दिवस गेला. पुणं पन्नासेक किलोमीटर, पण खिडकीची जागा मिळाली तर स्वारगेटपर्यंत सलग झोप. म्हणून आमच्यासाठी पुणं जवळ आणि भोर लांब. हे कोणत्याही नकाशात छापलेलं नाही. नकाशे काढणारे स्वतःच्या गाडीने फिरतात.

या सूत्राने टोकियोचा नकाशा उघडला तर तो एकदम सोपा झाला. शहराच्या मधून यामानोते नावाची लोकल गोल फिरते. साडेचौतीस किलोमीटरचं वर्तुळ, तीस स्टेशनं, आणि तासाभरात तुम्ही परत जिथल्या तिथे. "म्हंजी झोप लागली तरी चुकायचं न्हाई," तात्या म्हणाले. त्यांच्या नोकरीत झोप लागलेल्या उतारूंनी वेल्ह्याला उठून घातलेली भांडणं त्यांना आठवली असणार.

वर्तुळावरचं उएनो मला आवडलं. नारिता विमानतळावरून थेट गाडी, पाऊण तासात, बदली नाही. समोर मोठी बाग, तीत चेरीची झाडं. शिवाय आशियातली पहिली भुयारी रेल्वे १९२७ साली उएनो ते असाकुसा अशीच धावली. पुण्यात स्वारगेटखाली मेट्रो यायला २०२४ उजाडलं, तेव्हा जिथे शंभर वर्षांचा सराव आहे तिथे उतरणं बरं, असा माझा विचार.

पण सौभाग्यवतींनी निशी-कासाई काढलं. तिथे भारतीय वस्ती मोठी, डाळी-पिठं सगळं मिळतं, सूनबाईंची मैत्रीणही तिथेच. ज्या एदोगावा वॉर्डात हे येतं, तिथल्या कौन्सिलवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक निवडूनसुद्धा आले. "आपला माणूस निवडून आलाय म्हटल्यावर लांब कसं असेल?" हा त्यांचा मुद्दा. लोकशाहीचा आणि अंतराचा असा संबंध मी कोणत्याच क्रमिक पुस्तकात वाचलेला नव्हता, पण मराठी माणसाला तो लगेच पटतो. पूर्वी मुंबईला जायचं तर हॉटेल शोधणं हा नातेवाइकांचा अपमान समजला जायचा. परळमध्ये कोणीतरी असायचंच. दहा बाय बाराची खोली, दिवसपाळीचा उठून गिरणीत गेला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर आडवा. जागा मोक्याची होती का, हा प्रश्नच नव्हता. जागा होती, हाच मोका होता.

हे मला आठवलं, कारण पुढचं हॉटेल चिरंजीवांनी निव्वळ गंमत म्हणून दाखवलं, कॅप्सूलचं. दोन मीटर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर उंच. कपाटाच्या खणासारखे एकावर एक खण आणि खणात माणसं. पहिलं असं हॉटेल १९७९ साली ओसाकात निघालं, आराखडा किशो कुरोकावा या नामवंत वास्तुविशारदाचा. मुंबई सेंट्रल स्टेशनवरही २०२१ साली असे ४८ खण सुरू झाले.

"ह्यात झोपतं कोन?" तात्यांनी विचारलं.

"ज्यांची शेवटची गाडी चुकते ते," सूनबाई म्हणाल्या. टोकियोत रात्री बारा-एकच्या सुमाराला गाड्या बंद होतात, त्या पहाटे पाचच्या आसपास सुरू होतात. मधल्या चार तासांत साहेबाच्या आग्रहाखातर बसून राहिलेल्या कारकुनांना कुठेतरी पडायला हवं, त्यांची ही सोय.

तात्यांचा चेहरा खुलला. इतका वेळ परका वाटणारा देश एकदम साखर-विंझरसारखा झाला. कारण शेवटची गाडी चुकणं म्हणजे काय, हे आम्हाला टोकियोने सांगायला नको. अन् मुक्कामी गाडी हे तर तात्यांचं आयुष्यच. संध्याकाळी एसटी गावात येते, रात्रभर गावातच राहते, पहाटे निघते. कंडक्टर-ड्रायव्हर गाडीत किंवा देवळात झोपतात. "माझी क्यापसूल म्हंजी मागचा लांब बाक," तात्या सांगू लागले. "सहा फूट पुरा. भाडं न्हाई. कुनीतरी पिठलं-भाकरी आनून द्यायचं. अन् पहिल्या गाडीपास्नं अंतर किती म्हनाल, तर उठून बसायचं येवढंच." जगातल्या कोणत्या हॉटेलला यापेक्षा मोक्याची जागा मिळाली आहे? गाडी गाठायला जायचं नाही, गाडीतच उठायचं.

खोल्यांचे आकार बघताना मात्र घरातली ऐक्याची भावना ओसरली. स्टेशनजवळच्या साध्या हॉटेलात एका माणसाची खोली दहा-बारा चौरस मीटरची. त्यात पलंग, न्हाणीघर, टेबल, आणि खोलीच्या मध्यभागी तुम्ही, न वळता. सौभाग्यवतींनी बॅग कुठे उघडायची विचारलं. सूनबाई म्हणाल्या, पलंगावर. मग झोपायचं कुठे? बॅग मिटल्यावर. आमच्या गोठ्यात बैलालाही अंग फिरवायला जागा ठेवलेली आहे, हे मी बोलून दाखवलं नाही. बोललो असतो तर गोठ्याशेजारचं आरक्षण मला मिळालं असतं.

सामानाचा प्रश्न जपान्यांनीच सोडवला आहे. तिथे १९७६ पासून एका कंपनीने घरपोच पार्सलाची अशी व्यवस्था लावली की पेटी इथे द्यायची, ती उद्या पुढच्या मुक्कामी पोहोचते. माणसाने हात हलवत फिरायचं. चिरंजीव हे सांगताना भारावून गेले होते. तात्यांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. "लेका, तू पुन्यात शिकत असताना तुझा डबा कशानं यायचा?" आईने पहाटे भरलेला, झाकणाला फडकं बांधलेला, नाव घातलेला डबा सकाळच्या एसटीने स्वारगेटला जायचा आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा परत यायचा. तात्यांच्या हातून एकही डबा कधी चुकला नव्हता. एकदा फक्त झाकण बदललं होतं, आणि चिरंजीवांनी आठवडाभर दुसऱ्याच्या घरचा ठेचा खाल्ला होता. त्याची तक्रार त्यांनी केली नाही, कारण तो आमच्यापेक्षा चांगला होता.

अखेर रात्री दहाला ठराव झाला. तात्यांनी चार प्रश्न विचारले : पहिली गाडी कधी, शेवटची कधी, बदली किती, आणि रात्री उतरल्यावर रस्त्याला उजेड आहे का. चौथ्या प्रश्नाला चिरंजीव हसले, पण नकाशातल्या त्या गल्लीचा रात्रीचा फोटो शोधलाच. उजेड होता. उएनोला चार पैकी चार गुण पडले. निशी-कासाईला एक दिवस जेवायला जायचं ठरलं, म्हणजे लोकशाहीचाही मान राहिला. शिंजुकू लांबूनच बघायचं ठरलं, राजगडासारखं. पण उतरायची तयारी ठेवून.

आरक्षण झालं, पण माझ्या डोक्यातून ते ८० मीटर काही जाईनात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेतला जुना टेप काढला आणि फाट्यापासून आमचं घर मोजलं. ६४० मीटर. म्हणजे जपानी हिशेबाने बरोबर आठ मिनिटं. आजवर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी 'हे काय, दोन मिनिटं' सांगत आलो होतो. तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला लाज वाटायला हवी होती, ती वाटली. मी ठरवलं, आता यापुढे खरं बोलायचं.

संधी त्याच संध्याकाळी आली. एसटीतून तीन पोरं उतरली. राजगडाला उशीर झाला होता. मी टपरीवरच होतो.

"काका, इथे रात्री राहायची सोय कुठे होईल?"

"तात्यांच्या ओसरीवर," मी म्हणालो. "फाट्यापासून ५६० मीटर. सात मिनिटं. यात चढ, शेण आणि पाटलांच्या घराजवळची दोन कुत्री धरलेली नाहीत."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने सॅकचा पट्टा आवळला, दुसरा दोन पावलं मागे सरकला. परक्या गावात इतकी नेमकी माहिती देणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, हे त्यांना कोणीतरी शिकवलेलं असावं.

तेवढ्यात तात्या आले. पोरांनी तोच प्रश्न त्यांना विचारला.

"ऱ्हायाचंय? हे काय, आलंच की. चला माझ्यासंगं."

तिन्ही पोरांचे चेहरे उजळले. तात्यांनी एकाची पिशवी हातात घेतली, दुसऱ्याला गाव विचारलं, तिसऱ्याला आडनाव, आणि चौघे गप्पा मारत निघाले. मी घड्याळ लावलं. अर्ध्या तासाने तात्या एकटेच परत आले आणि त्यांनी चहा मागवला.

"पोहोचली का पोरं?"

"पोचली की. पिठलं टाकाया सांगितलं."

"किती मिनिटं लागली?"

तात्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "बोलत बोलत गेलो. ध्यानात न्हाई."